झोपेचं सोंग घेतलेलं हार्डवेअर

हॉस्टेलवर कुणाचाही लॅपटॉप झोपेतून उठला नाही की एकच सल्ला मिळतो : "स्लीप बंद करून टाक." विंगमधल्या सीनियर हाच सल्ला देतात, दुरुस्तीवाला पैसे घेऊन हाच देतो आणि खरं सांगायचं तर आपल्या लॅबमध्येही याहून वेगळं काही ऐकायला मिळत नाही. उठल्यावर वायफाय दिसत नाही? कार्डाचं पॉवर सेव्हिंग बंद. माऊस मरतो? यूएसबीचं सस्पेंड बंद. मशीन रात्री आपोआप जागं होतं? मग शटडाऊन करूनच ठेवत जा ना!

हा सल्ला चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, कारण त्याने काम भागतं. पण इंजिनिअरिंग कॉलेजात तो पहिला आणि शेवटचा सल्ला असावा याला माझा विरोध आहे. झोप बंद केल्याची किंमत असते, फक्त ती दुसऱ्या दिवशी कळते. सॅकमध्ये ठेवलेला लॅपटॉप लायब्ररीत काढावा तर हात पोळतो आणि बॅटरी अकरा टक्के. मग रीडिंग हॉलमधल्या एकुलत्या एक चालू सॉकेटसाठी रांग. या रांगेत तुम्हीही उभे राहिला असाल.

थोडं मागे जाऊया. (कॉन्व्हेंटमध्ये मराठी हा आमचा आठवड्यातून चार तासांचा विषय होता, त्यामुळे 'वेकअप फॉल्ट'ला शुद्ध मराठी शब्द माझ्याकडे मागू नका. 'जागृती-दोष' म्हटलं तर मला तरी योगासनांचं शिबिर आठवतं.) कॉम्प्युटर झोपतो म्हणजे काय होतं? रात्री अकरानंतरचं आपलं हॉस्टेल डोळ्यांसमोर आणा. दिवे बंद, मेस बंद, गेटला कुलूप. चालू असते फक्त गेटवरची बेल आणि तिच्याशेजारी बसलेले वॉचमनकाका. मशीनचंही तसंच असतं. बहुतेक भागांचा वीजपुरवठा कमी होतो किंवा तुटतो, आणि कुणी आलं तर कळवण्यासाठी एखादी वेगळी तार तेवढी जिवंत ठेवली जाते. पीसीआय डिव्हाइसेसच्या बाबतीत या बेलला पीएमई म्हणतात. यूएसबीमध्ये तिचं नाव रिमोट वेकअप. डिव्हाइस पूर्ण जागं असेल तर ते डी-० या अवस्थेत, गाढ झोपेत असेल तर डी-३ मध्ये. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी १९९६ साली एसीपीआय नावाचा करार आणला, तेव्हापासून या सगळ्याची सूत्रं बायोसकडून ऑपरेटिंग सिस्टमच्या हातात आली. पुढे २००९ च्या डिसेंबरात आलेल्या लिनक्सच्या २.६.३२ या कर्नेलमध्ये 'रनटाइम पीएम' आलं, म्हणजे सगळं मशीन जागं असतानाही ज्या डिव्हाइसला काम नाही त्याला एकट्याला झोपवायची सोय झाली. एवढी थिअरी पुरे.

या सगळ्याचा पाया विश्वास आहे. प्रत्येक पीसीआय डिव्हाइस आपल्या रजिस्टरमध्ये स्वतःच लिहून ठेवतं की मी या या अवस्थेतून बेल वाजवू शकतं. ड्रायव्हर ते वाचतो, खरं मानतो आणि त्याला झोपवतो. आता ते रजिस्टर खोटं बोलत असेल तर? आपल्याकडे म्हणतात की झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. ही म्हण ज्याने केली त्याने नक्कीच कधीतरी ड्रायव्हर लिहिला असणार.

कल्पनेतली उदाहरणं देत नाही, खरीच घ्या. एएसमीडिया कंपनीचा एक यूएसबी कंट्रोलर आहे. मी डी-० मध्ये असताना पीएमई देऊ शकतो, असं तो आपल्या रजिस्टरमध्ये सांगतो. पेनड्राइव्ह यूएसबी २.० किंवा १.१ चा असेल तर खरोखर देतो. यूएसबी ३.० चं काही लावलं की मात्र मूग गिळून गप्प. आता बघा, हा दोष सापडणार कसा? ज्याच्याकडे जुना पेनड्राइव्ह आहे तो म्हणणार, "माझ्याकडे तर मस्त चालतंय." ज्याच्याकडे नवीन आहे तो नवीन पेनड्राइव्हलाच शिव्या घालणार. दोघंही प्रामाणिक, दोघंही चुकलेले! लिनक्सवाल्यांनी यावर केलेला उपाय मला फार आवडतो. त्यांनी त्या एका मॉडेलच्या नंबरापुढे छोटासा कोड लिहिला : हा कंट्रोलर डी-० च्या पीएमईबद्दल जे म्हणतो ते खोडून टाका. बस. पॉवर मॅनेजमेंट बंद नाही, बाकीच्या कंट्रोलर्सना हात नाही. साक्षीदाराच्या जबानीतलं जे एक वाक्य खोटं निघालं, तेवढंच रद्द.

दुसरं उदाहरण पेरिकॉम कंपनीच्या यूएसबी कंट्रोलरचं. हा जास्त धोकादायक आहे, कारण तो नेहमी खोटं बोलत नाही. मी सगळ्या अवस्थांमधून पीएमई देतो असा त्याचा दावा, आणि तपासल्यावर निघालं काय, तर यूएसबी डिव्हाइस लावल्यावर पीएमई न येण्याची शक्यता २० टक्के. म्हणजे पाचातली एक बेल वाजतच नाही. इथे कर्नेलने पीएमईचा सगळाच दावा काढून टाकला. परिणामी हा कंट्रोलर रिकामा असतानाही जागा राहतो आणि थोडी वीज खातो. पण लावलेली वस्तू प्रत्येक वेळी दिसते.

या २० टक्क्यांवर जरा थांबूया, कारण माझा खरा मुद्दा इथे आहे. प्रोजेक्टच्या व्हायव्हाच्या आधी आपण काय करतो? तीनदा झोपवून उठवून बघतो. तीनदा चाललं की "वर्किंग" असं लिहितो. आता एम-थ्रीचा पेपर आठवा. एका वेळी यश ०.८, तर तीनही वेळा यश म्हणजे ०.८ चा घन, म्हणजे ०.५१२. म्हणजेच पाचात एकदा दगा देणारं हार्डवेअर तुमच्या तीन वेळच्या तपासणीत निम्म्याहून जास्त वेळा पास होणार! दहा वेळा तपासलं तरी सुमारे ११ टक्के शक्यता आहे की दोष दिसणारच नाही. वीस वेळा तपासलं तर ती एक टक्क्याच्या आसपास येते. प्रोबॅबिलिटीचं हे युनिट आपण सगळ्यांनी पाठ करून पास केलंय, पण लॅबमध्ये वीस वेळा सस्पेंड करणारा ग्रुप मी अजून पाहिलेला नाही. खरं तर त्यासाठी बसून राहावंही लागत नाही. लिनक्सवर 'आरटीसीवेक' नावाची कमांड आहे, ती मशीनला झोपवते आणि ठरलेल्या सेकंदांनी घड्याळाकरवी उठवते. चार ओळींचं शेल स्क्रिप्ट लिहा, प्रत्येक वेळी उठल्यावर आपलं डिव्हाइस जागेवर आहे का ते नोंदवा आणि मेसमध्ये जाऊन जेवून या. परत येईपर्यंत पन्नास वेळा झालेलं असेल. बेल डिव्हाइसची तपासायची असेल तर मात्र घड्याळ चालत नाही, तिथे वीस वेळा हाताने पेनड्राइव्ह लावायला पर्याय नाही. चॅट करत करत होतं तेही.

याच्या उलट दोष म्हणजे विनाकारण वाजणारी बेल. आसुसचा टी-१०० नावाचा टॅबलेट होता, कीबोर्डच्या डॉकवर बसणारा. त्या डॉकची नोंद लिनक्सच्या यूएसबीमधल्या 'क्वर्क्स' नावाच्या फाइलमध्ये आहे : हे डिव्हाइस खोटे वेकअप देतं, त्याच्या रिमोट वेकअपकडे लक्ष देऊ नका. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्या मुलाचं गावाने जे केलं तेच. अर्थात गोष्टीतल्यासारखीच इथेही किंमत आहे, कारण त्या डॉकची खरी हाक आली तरी ती ऐकली जाणार नाही.

तिसरी जात विसराळूंची. ही डिव्हाइसेस उठतात, पण आपण कोण, आपलं सेटिंग काय, सगळं विसरून उठतात. लॉजिटेकचे काही जुने वेबकॅम याच क्वर्क्स फाइलमध्ये 'रीसेट-रिझ्यूम' या शिक्क्याखाली बसलेत. त्यांना उठवलं की आधी रीसेट करून पहिल्यापासून सगळं सांगायचं. आणि काहींना नुसता वेळ हवा असतो. एएमडीच्या काही रायझन प्रोसेसर्समधले यूएसबी कंट्रोलर डी-३ मधून बाहेर यायला नेहमीच्या १० मिलिसेकंदांत तयार होत नव्हते. २०१९ साली त्यांच्यापुरता हा वेळ २० मिलिसेकंद करण्यात आला आणि प्रश्न मिटला. दहा मिलिसेकंद! सकाळी आठच्या लेक्चरला आपल्याला किती लागतो ते बघता फारच माफक मागणी म्हणायची.

आता कुणी म्हणेल, तुझं म्हणणं एवढंच ना की हार्डवेअर वाईट आणि ड्रायव्हर लिहिणारे बिचारे साधू? मुळीच नाही. उलट याच क्षेत्रातली एक गोष्ट आपल्या सगळ्यांना शिकवायला हवी. कितीतरी वर्षं लिनक्सच्या यूएसबीवाल्यांची अशी ठाम समजूत होती की बाजारातली बरीच यूएसबी डिव्हाइसेस भिकार असतात, त्यांना सस्पेंड केलं की उठताना ती तुटतात. म्हणून हब सोडले तर बाकी कुणालाही आपोआप झोपवायचं नाही, असा कर्नेलचा डिफॉल्ट ठेवला गेला. मग २०१३ मध्ये इंटेलमधल्या एका कर्नेल डेव्हलपरने खोलात जाऊन बघितलं. यूएसबी २.० च्या स्पेसिफिकेशनप्रमाणे झोपेतून उठवलेल्या डिव्हाइसला सावरायला १० मिलिसेकंद द्यायचे असतात. ही मुदत किमान आहे. कर्नेल मात्र ती कमाल असल्यासारखं वागत होतं. दहा झाले की लगेच प्रश्न विचारायचा, आणि उत्तर आलं नाही की डिव्हाइस मेलं असं समजायचं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! काही डिव्हाइसेस खरोखरच वाईट होती, यात शंका नाही. पण काहींचा गुन्हा एवढाच होता की त्यांनी नियमात बसणारा, फक्त थोडा जास्त वेळ घेतला.

अशीच एक सॉफ्टवेअरची बाजू झोपायला जातानाच्या क्षणाची. समजा मशीन झोपायची तयारी करत असतानाच बेल वाजली. ती आधीच्या कामात हरवली तर मशीन झोपून जाणार आणि आपण म्हणणार, हार्डवेअरने उठवलंच नाही. २०१० साली २.६.३६ या कर्नेलमध्ये यासाठी वेकअप मोजणारा आकडा आला. झोपायच्या आधी आकडा वाचायचा, तोच परत लिहायचा. मधल्या काळात तो वाढला असेल तर झोप रद्द. किती साधी युक्ती! ज्या काळात ही सोय नव्हती त्या काळात किती बोर्ड, किती चिप्स उगाच बदनाम झाल्या असतील, कोण जाणे.

म्हणून माझं म्हणणं दुहेरी आहे. हार्डवेअरच्या दोषावर वळसा घालून जायला अजिबात लाजू नये. पण वळसा घालायच्या आधी रस्ता खरंच बंद आहे का, हे उतरून बघायला हवं.

वळसा घालण्याला आक्षेप असणारे लोक आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी आमच्या एका सरांशी वाद घालताना नीट ऐकलंय. सर म्हणतात, ज्याने चूक केली त्याने निस्तरावी. कंपनीने सदोष चिप विकली तर कंपनीने फर्मवेअर द्यावं, नाहीतर चिप बदलून द्यावी. ड्रायव्हरमध्ये ठिगळं लावत बसलात तर कंपन्यांना सुधारायची गरजच उरणार नाही. तत्त्व म्हणून बरोबर आहे सर. पण चिपचं सिलिकॉन एकदा बाजारात गेलं की गेलं. चार वर्षांपूर्वीच्या मदरबोर्डवरच्या कंट्रोलरसाठी कोणती कंपनी आज फर्मवेअर काढतेय? आणि आपल्या हॉस्टेलवर निम्मे लॅपटॉप सेकंडहँड, दादाकडून नाहीतर मावसभावाकडून आलेले. त्यांची वॉरंटी आपण दहावीत होतो तेव्हाच संपली. या मुलामुलींना तुमचं तत्त्व काय देणार? त्यांचं मशीन चालवतो तो त्या फाइलमधला एक नंबर आणि त्यापुढची एक ओळ.

सरांचा दुसरा मुद्दा मात्र मला पटतो. ठिगळांची यादी वाढतच जाते, आणि प्रत्येक ठिगळ कायमचं होऊन बसतं. दहा वर्षांनी कुणालाच माहीत नसतं की ही ओळ का आहे, म्हणून कुणी ती काढायची हिंमत करत नाही. यावर उपाय एकच दिसतो : ओळीबरोबर कारण लिहा. एएसमीडिया आणि पेरिकॉमबद्दल मी वर जे सांगितलं ते मला कुठून कळलं? त्या बदलांबरोबर लिहून ठेवलेल्या टिपणातून. कोणतं डिव्हाइस, त्याने काय दावा केला, प्रत्यक्षात काय घडलं, काय काढलं. चार-पाच ओळी, पण त्या वाचून उद्या कुणीही तोच प्रयोग परत करून बघू शकतो. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ऐंशी पानं असतात. पहिल्या वीसमध्ये आभार आणि इंटरनेटचा इतिहास. पण "सेन्सर झोपेतून उठत नव्हता म्हणून स्लीप मोड काढून टाकला" हे वाक्य कुठेच नसतं. ते फक्त बॅकबेंचवर सांगितलं जातं.

आणि काढून टाकला म्हणजे काय झालं, हेही आकड्यात बघा. आपल्याकडे दर वर्षी शेतीसाठी सेन्सर नोडचे तीन-चार प्रोजेक्ट असतातच. धरून चाला की बोर्ड जागा असताना ५० मिलिअँपियर घेतो, झोपेत ०.०५, आणि सेल २००० मिलिअँपियर-तासांचा. झोप काढून टाकली तर सेल ४० तासांत संपला. स्टेजवरच्या डेमोला चाळीस तास म्हणजे चैनच आहे, पण शेतात सोमवारी सकाळी लावलेला नोड मंगळवारी मध्यरात्रीच्या आसपास मेलेला असणार. आता समजा बेलची तार खरंच खराब आहे, तिच्यावर विसंबता येत नाही. तर बेल सोडून द्या, झोप कशाला सोडता? दर दहा सेकंदांनी घड्याळाने उठायचं, वीस मिलिसेकंदांत सेन्सर वाचायचा आणि परत झोपायचं. जागं राहण्याचा सरासरी खर्च ०.१ मिलिअँपियर, झोपेचा ०.०५, एकूण ०.१५. भागाकार करा : तेरा हजार तासांहून जास्त, म्हणजे साडेपाचशे दिवस. हे कागदावरचं झालं, प्रत्यक्षात सेल आपोआपही उतरतो, थंडी-ऊन असतं, रेडिओ जास्त खातो. निम्मं धरलं तरी नऊ महिने. चाळीस तास कुठे आणि नऊ महिने कुठे! लिनक्सही हेच करतं. ज्या पीसीआय डिव्हाइसची पीएमई पोचण्याचा भरवसा नाही, त्याच्या दाराशी कर्नेल दर सेकंदाला स्वतः जाऊन बघून येतं. वॉचमनकाकांची बेल बिघडली तर ते रात्रभर दिवे लावून सगळ्या मुलींना जागं ठेवत नाहीत, अधूनमधून गेटपर्यंत चक्कर मारतात.

आमच्या सिलॅबसमध्ये डी-० ते डी-३ च्या व्याख्या आहेत, आणि त्या पाच मार्कांना येतात. माझी डिपार्टमेंटकडे मागणी छोटी आहे. मायक्रोकंट्रोलर लॅबमध्ये एकच प्रॅक्टिकल असं ठेवा ज्यात बोर्ड मुद्दाम बिघडवलेला असेल. वेकअपची पिन सैल करून ठेवा, किंवा पाचातला एक पल्स गिळणारा छोटा सर्किट मध्ये घाला, आणि विद्यार्थ्याला सांगू नका. त्याने वीस वेळा तपासायचं, दोष हार्डवेअरचा की त्याच्या कोडचा ते ठरवायचं, लहानात लहान वळसा घालायचा आणि का घातला ते पाच ओळींत लिहायचं. यात खर्च शंभर रुपयांचाही नाही. अडचण एवढीच की या प्रॅक्टिकलचं उत्तर मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवता येणार नाही, म्हणून विद्यार्थ्यांकडूनच विरोध होईल असं मला वाटतं.

दरम्यान लॅबच्या मागच्या कपाटाकडे एकदा बघा. खालच्या खणात बारा-पंधरा बोर्ड पडलेत, प्रत्येकावर चिकटपट्टीने 'फॉल्टी' अशी चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख आहे, बॅचचा नंबर आहे, सही आहे. काय बिघडलं होतं आणि किती वेळा तपासलं, ते कुठल्याच चिठ्ठीवर नाही. लॅब असिस्टंट काकांनी किल्ली द्यायचं कबूल केलंय. येत्या दोन शनिवारी दुपारी आम्ही चौघी हे बोर्ड एकेक करून तपासणार आहोत, वीस-वीस वेळा. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, मल्टीमीटर स्वतःचा आणावा.